वाहन क्रमांक तीनचा सन व्हायझर व त्यापायी अडकलेले सुपरव्हायझर

दि. २२ मे

प्रति,
मा. विभागप्रमुख,
पाणी नमुने तपासणी विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वाहन क्र. ३ मधील सन व्हायझर, म्हणजे चालकासमोर ऊन अडवणारी पट्टी, ही वस्तू असून व्यक्ती नाही हे मान्य करून वाहन शाखेच्या सुपरव्हायझरांविरुद्धची चौकशी दि. ३१ मे पूर्वी बंद करण्याबाबत.

संदर्भ :
१) माझा अर्ज, दि. ६ मार्च
२) आस्थापना शाखेचे पत्र, दि. २० मार्च
३) चौकशी समितीची नोटीस, दि. २ एप्रिल
४) मला मिळालेला मेमो, दि. १८ एप्रिल
५) चौकशी समितीची दुसरी नोटीस, दि. १९ मे

महोदय,

मी आपल्या विभागात चौदा वर्षे वाहनचालक असून वाहन क्र. ३ माझ्याकडे आहे. हा अर्ज मी थेट आपल्याकडे करत आहे. नियमाप्रमाणे तो योग्य मार्गाने यायला हवा, याची मला कल्पना आहे. परंतु चालकाच्या योग्य मार्गातली पहिली सही सुपरव्हायझरांची असते. ते चौकशीत असल्याने त्यांना कोणत्याही कागदावर सही करण्यास मनाई आहे आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी नेमलेले नाही. यापूर्वी मी योग्य मार्गाने तीन अर्ज पाठवले. ते तिन्ही त्यांच्या रिकाम्या टेबलावर आहेत. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पेपरवेट मीच ठेवला आहे. तरी मार्ग सोडल्याबद्दल प्रथम क्षमा मागून पुढीलप्रमाणे निवेदन करतो.

१. वाहन क्र. ३ रोज सकाळी सात वाजता पाण्याचे नमुने आणण्यास निघते. सोबत नमुने भरणाऱ्या ताई असतात. सदर रस्ता सरळ पूर्वेकडे जातो, त्यामुळे जाताना सूर्य समोर असतो. नमुने भरून परत फिरेपर्यंत दुपार कलते आणि तोच सूर्य पश्चिमेला जाऊन पुन्हा समोर येऊन बसतो. अशा रस्त्यावर ऊन अडवणारी पट्टी ही चैनीची गोष्ट नाही, हे आपण मान्य कराल.

फेब्रुवारीपासून ही पट्टी ढिली झाली. वर ढकलली की चार मिनिटे राहायची, खड्डा आला की तेवढीही नाही. माझी उंची पाच फूट अकरा इंच असल्याने ती खाली आली की नेमकी माझ्या डोळ्यांसमोर यायची आणि समोरचा रस्ता झाकायची. मी तिला रबर बँड लावून पाहिला, तो उन्हाने तुटला. कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, तो माझ्या मांडीवर पडला. शेवटी ताई आपल्या फूटपट्टीने ती वर धरून बसू लागल्या. एक हात नमुन्यांच्या पेटीवर, एक हात पट्टीला. संध्याकाळी त्यांना तो हात सरळ करता येत नसे. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त एकदा म्हणाल्या, "मला नोकरी बाटल्या भरायची दिली होती ना?"

२. आता सुपरव्हायझरांविषयी. त्यांना आम्ही सर्व चालक काका म्हणतो. चौतीस वर्षे नोकरी झाली, सेवापुस्तकात एकही वाकडा शेरा नाही. आमच्यापैकी बहुतेकांना उलटी गाडी अरुंद फाटकातून काढायला त्यांनीच शिकवले. दि. ३१ मे रोजी ते निवृत्त होत आहेत.

मी काकांना पट्टी दाखवली. त्यांनी ती दोनदा वर-खाली केली आणि सांगितले, "पाच मिनिटांचं काम आहे. पण नोंद पाहिजे, आणि नोंदीला अर्ज पाहिजे." काकांचे असेच आहे. जाताना मागे एकही कागद अपुरा राहू नये, असे त्यांच्या मनाने घेतले होते. माझे अक्षर आपण पाहतच आहात. त्यामुळे त्यांनी मला समोर बसवले आणि माझा अर्ज त्यांच्या वळणदार अक्षरात स्वतः लिहून काढला. मी खाली फक्त सही केली. लिहिताना त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, की अर्जात वस्तूचे नाव एकदा लिहिले की पुढे 'सदर' लिहावे, त्याने भाषा शोभते. त्या शोभेचे पुढे काय झाले, ते कळावे म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा देतो :

"विषय : वाहन क्र. ३ चा सन व्हायझर बदलण्याबाबत. सदर व्हायझर ढिला झाला असून सारखा खाली येतो. हाताने वर ढकलावा लागतो. काही दिवस बांधून ठेवला, तरी उपयोग झाला नाही. सदर व्हायझरमुळे समोरचे काही दिसत नाही व काम करणे धोक्याचे झाले आहे. तरी तो काढून टाकावा व त्या जागी नवीन द्यावा, ही विनंती."

३. हा अर्ज आवक शाखेत गेला. तिथल्या लिपिकाने विषय संगणकात भरताना 'व्हायझर' एवढी अक्षरे टाकली. संगणकाच्या यादीत ती अक्षरे असलेला एकच विषय होता, तो म्हणजे 'सुपरव्हायझर – वर्तणुकीबाबत तक्रार'. तो निवडल्याशिवाय आवक क्रमांक पडत नव्हता, असे लिपिकाने मला नंतर स्वतः सांगितले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर त्या वेळी बावीस माणसे उभी होती.

पुढे आस्थापना शाखेत अर्जाची टंकलिखित प्रत निघाली. टंकलेखकाने विषयाशी मेळ बसावा म्हणून 'सदर व्हायझर' होते तिथे सर्वत्र 'सदर सुपरव्हायझर' केले. आता कृपया वरचा मजकूर तसा करून पुन्हा एकदा वाचावा.

दि. २० मार्चला मला पत्र आले, की आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे. मी खूश झालो. घरी सांगितले, की पट्टी बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना गॅरेजमधून काढून तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात बसवले. त्यांना कारण सांगितले नाही. मी गाडी पुसत होतो. हातातला हजेरीपट माझ्याकडे देऊन ते म्हणाले, "सांभाळ, दुपारपर्यंत येतो."

४. चौकशी समितीसमोर दि. ९ एप्रिल रोजी आमची सुनावणी झाली. तीन सदस्य होते. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, की तुम्ही सुपरव्हायझरांना हाताने ढकलता, हे खरे का? मी म्हणालो, व्हायझरला ढकलतो. त्यांनी विचारले, रोज? मी म्हणालो, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. त्यांनी लिहून घेतले. पुढचा प्रश्न, बांधून कशाने ठेवले? मी खरे ते सांगितले, रबर बँडने आणि कपड्यांच्या चिमट्याने. तेव्हा समितीतल्या बाई लिहिता लिहिता थांबल्या.

इथे काहीतरी घोळ आहे, हे माझ्या ध्यानात आले. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, तो माणूस नाहीये." कार्यवृत्तात याची नोंद 'अर्जदार आपल्या वरिष्ठांना माणूस समजत नाही' अशी झाली आहे. कार्यवृत्ताची प्रत सोबत जोडली आहे.

मी सांगितले, की सन व्हायझर म्हणजे गाडीतली पट्टी. त्यांनी काकांच्या हातचा मूळ अर्ज काढून पाहिला. त्यात स्पष्ट 'सन व्हायझर' लिहिले आहे. अध्यक्षांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि शेरा मारला, की 'सन' या शब्दापुढे वर्ष लिहावयाचे राहिले आहे, सबब तक्रार कोणत्या वर्षाची याचा बोध होत नाही. सन म्हणजे वर्ष नव्हे, सन म्हणजे सूर्य, असे मी दोनदा सांगितले. अध्यक्ष म्हणाले, मराठीत सन म्हणजे वर्षच.

मी विनंती केली, की वाहन खाली याच खिडकीसमोर उभे आहे, कृपया उठून एकदा पाहावे. उत्तर मिळाले, की वाहनाची पाहणी समितीच्या कक्षेत येत नाही, समिती फक्त व्यक्तीची चौकशी करू शकते.

मग काकांना बोलावले. अर्ज त्यांच्याच हस्ताक्षरात असल्याचे समितीच्या लक्षात आले होते. हे तुमचे अक्षर आहे का, असे विचारल्यावर काकांनी हो म्हटले. तुम्ही ढिले झाला आहात, असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे, हे खरे का, असे विचारले. काका पहिल्यांदा हसले. सर्वांना गंमत कळली असेल, असे त्यांना वाटले. मग कोणीच हसत नाही असे पाहून ते म्हणाले, "गुडघे जरा झालेत, बाकी ठीक आहे." त्याची नोंद 'अंशतः कबुली' अशी झाली.

बाहेर आल्यावर ते कठडा धरून जिना उतरले. खाली पोचल्यावर एवढेच म्हणाले, "चौतीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणी उभं राहून उत्तरं द्यायला लावली."

५. या सगळ्यात पट्टी होती तशीच होती. दि. १६ एप्रिलला परत येताना चार वाजून गेले होते. ताईंचा हात भरून आल्याने त्यांनी तो क्षणभर खाली घेतला. नेमके वळण होते आणि पट्टी सरळ माझ्या डोळ्यांवर आली. मी ब्रेक मारला. पट्टी वर सारून पाहतो, तर बंपरपासून हातभर अंतरावर एक आजोबा सायकल हातात धरून रस्ता ओलांडत उभे होते. सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या डब्यातले दूध हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडले होते. मागे पेटीतल्या नऊ बाटल्या फुटल्या.

मी उतरलो. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "मी दिसलो नाही का तुला?"

मी म्हणालो, "नाही, आजोबा. वरची पट्टी पडली."

ते म्हणाले, "मग बसवून घे ना बाबा ती."

महोदय, या प्रकरणात गेल्या तीन महिन्यांत जे जे कोणी बोलले, त्यात मुद्द्याचे एवढे एकच वाक्य आहे, आणि ते बोलणारा माणूस आपल्या कार्यालयात नोकरीला नाही.

त्या दिवशी मी वाहन गॅरेजमध्ये लावले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि पट्टी बसेपर्यंत मी हे वाहन चालवणार नाही, असे लेखी दिले. दि. १८ ला मला मेमो मिळाला. त्यात बाटल्या फोडणे, कामास नकार देणे आणि सुपरव्हायझरांविषयी मनात आकस धरणे, असे तीन आरोप आहेत. पहिले दोन मला मान्य आहेत.

वाहन अठ्ठावीस दिवस उभे राहिले. या अठ्ठावीस दिवसांत पूर्वेकडच्या एकाही टाकीचे, एकाही विहिरीचे पाणी कोणी तपासले नाही. लोक मात्र ते रोज पीत होते. ताई रोज येऊन रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवायच्या. याबद्दल कोणालाही नोटीस निघालेली नाही.

६. दरम्यान काकूंचा, म्हणजे काकांच्या पत्नीचा, मला फोन आला. त्यांच्या हाताला टंकलिखित प्रत लागली होती. त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्हीच लिहून दिलं म्हणे, ह्यांना काढून टाका म्हणून?" मी त्यांना सगळे पहिल्यापासून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण त्यांच्या मनाला ते पटत नव्हते. त्यांची चूक नाही. आपण स्वतः हा अर्ज इथवर वाचला असेल, तर आपल्यालाही ते किती अवघड आहे, हे कळले असेल. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पट्टीसाठी कुणी माणसाला तळघरात बसवतं का?" मी म्हणालो, तळघर नाही, तळमजला आहे. मग मला माझीच लाज वाटली आणि मी फोन ठेवला.

काकांचे जेवण कमी झाले आहे आणि ते नव्या सदऱ्याचे माप द्यायला गेले नाहीत, एवढे मात्र मला त्या फोनवरून समजले. तो सदरा त्यांनी निरोपाच्या दिवसासाठी शिवायला टाकायचा ठरवला होता. माझी बायको म्हणते, अर्ज तुझा आहे, निस्तर तूच. तिच्याशी मी सहमत आहे. पण निस्तरायचे कुठे, ते तिने सांगितलेले नाही आणि आवक शाखेलाही ठाऊक नाही.

७. अभिलेख कक्षाला खिडकी नाही. तिथे काका जुन्या फायलींना चिकटपट्टी लावत बसतात. रोज सकाळी मी हजेरी लावायला गेलो, की ते दारात येऊन एकच विचारायचे, "गेली का तीन नंबर?" मी नाही म्हणायचो. ते आत जायचे. असे अठ्ठावीस दिवस.

दि. १४ मे रोजी दुपारी तीननंतर ते गॅरेजमध्ये आले. त्यांना तिथे यायला मनाई आहे, हे मला माहीत होते आणि त्यांना तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होते, कारण अशा मनाईचे नमुने त्यांनीच एकेकाळी तयार केले आहेत. हातात घरचा स्क्रू ड्रायव्हर होता. त्यांनी हात पुढे करून किल्ली मागितली.

मी म्हणालो, "काका, परवानगी?"

ते म्हणाले, "परवानगीनं पट्टी वर राहते का?"

त्यांनी पट्टीच्या मुळाशी असलेले प्लॅस्टिकचे छोटे झाकण नखाने उचलले, आतला स्क्रू आवळला. तरीही पट्टी हळूहळू खाली यायला लागली. मग त्यांनी ती दांड्यावरून ओढून काढली, जुन्या ट्यूबची पातळ पट्टी कापून दांड्याला गुंडाळली आणि व्हायझर परत त्यावर दाबून बसवला. मला म्हणाले, "चल, चक्कर मार." आम्ही दोघे आवारातल्या सगळ्या खड्ड्यांतून मुद्दाम दोनदा फिरलो. पट्टी जागची हलली नाही. काका माझ्या शेजारी बसून समोर बघत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर कामावरचा माणूस दिसला. उतरताना म्हणाले, "उद्या सातला काढ." मी काढली. दि. १५ पासून ताई दोन्ही हात मोकळे ठेवून जातात आणि नमुने वेळेत पोचत आहेत.

फाटकावरच्या रखवालदाराने आपले कर्तव्य म्हणून वहीत लिहिले : 'सुपरव्हायझर आत, ३.१०. बाहेर, ३.३५.' त्यावरून दि. १९ रोजी काकांना दुसरी नोटीस आली आहे, की चौकशी चालू असताना विनापरवाना गॅरेजमध्ये प्रवेश करून कार्यालयीन मालमत्तेत फेरफार केला.

मी भांडार शाखेला प्रामाणिकपणे कळवले, की व्हायझर दुरुस्त झाला असून आता नव्याची गरज नाही. तो कागदही वर जाईपर्यंत 'सुपरव्हायझर दुरुस्त झाला असून आता नव्याची गरज नाही' असा झाला. मला वाटले, बरे झाले, याच चुकीने तरी प्रकरण मिटेल. परंतु समितीने त्यावर निर्णय दिला आहे, की सदर सुधारणा समाधानकारक असली तरी ती टिकते किंवा कसे, हे पाहण्यासाठी सुपरव्हायझरांना सहा महिने निरीक्षणाखाली ठेवावे. आज दि. २२ आहे. त्यांच्या नोकरीचे नऊ दिवस उरले आहेत. चौकशी उघडी राहिली, तर निवृत्तीची कागदपत्रे पुढे सरकत नाहीत, निरोप समारंभ होत नाही आणि सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो शेरा कायमचा राहतो. काका म्हणतात, "पडला तर पडू दे." त्यांना तो पडलेला चालेल, मला चालणार नाही.

८. सबब माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

आपण स्वतः जिना उतरून वाहन क्र. ३ मध्ये चालकाच्या जागी दोन मिनिटे बसावे, समोरच्या पट्टीला हात लावून पाहावा आणि ती पट्टी आहे, एवढे एका ओळीत लिहून सही करावी. त्या ओळीवर चौकशी बंद होऊ शकते, असे मला आस्थापना शाखेतल्या एका अनुभवी बाईंनी सांगितले आहे. त्यांचे नाव मी लिहीत नाही.

माझ्यावरचा मेमो कायम ठेवला तरी माझी हरकत नाही. कोणावर तरी शेरा पडायलाच हवा असेल, तर तो माझ्या सेवापुस्तकात घ्यावा. माझी अजून एकोणीस वर्षे आहेत, मला तो पुसायला वेळ मिळेल.

शेवटची गोष्ट. निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला कार्यालयाच्या गाडीने घरी सोडायची आपल्याकडे पद्धत आहे. आजवर सत्तर-ऐंशी जणांसाठी काकांनी अशी गाडी धुऊन, वेळेवर दारात उभी केली आहे. चौकशी चालू असलेल्याला ही सोय मिळत नाही, असे मी विचारल्यावर कळले. दि. ३१ रोजी संध्याकाळी पाच वाजता त्यांना वाहन क्र. ३ मधून घरी सोडण्याची मला परवानगी द्यावी. ती देता येत नसेल, तर माझा त्या दिवशीच्या अर्ध्या रजेचा अर्ज सोबत आहे, तो मंजूर करावा. त्यांचे घर इथून चार किलोमीटर आहे. गुडघ्यांमुळे त्यांना मध्ये दोन-तीनदा बसावे लागेल. मी त्यांच्यासोबत चालत जाईन.

हा अर्ज मी माझ्याच हस्ताक्षरात लिहिला असून यात काकांचा हात नाही. त्यांना याची माहितीही नाही. वाचताना आपल्याला त्रास झाला असेल, त्याबद्दल दिलगीर आहे.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही)
वाहनचालक, वाहन क्र. ३

सोबत :
१) दि. ६ मार्चच्या मूळ अर्जाची छायाप्रत, काकांच्या अक्षरात
२) त्याच अर्जाची टंकलिखित प्रत
३) समितीच्या कार्यवृत्ताची प्रत
४) ताईंचे लेखी निवेदन
५) माझा अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज, दि. ३१ मे
६) त्याच दिवसासाठी, त्याच वेळेपासून, ताई व इतर सात चालकांचे रजेचे अर्ज. हे आज सकाळी माझ्या टेबलावर ठेवलेले मिळाले. मी कोणालाही सांगितले नव्हते.